दाराला लावलेला दगड

मी दाराला लावलेला दगड बोलतेय. निदान अडतीस वर्षं तरी सगळे मला त्याच नावानं ओळखत होते. "दगड लाव गं दाराला," "दगड सरकव," "कुणी ठेवलाय हा मधेच?" एखाद्याला ठेच लागली की तो दगडालाच चार शब्द सुनवायचा, स्वतःच्या पायाला कधीच नाही. वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत माणसांविषयी शिकलेला हा माझा पहिला धडा.

खरं तर मी दगड नाही. दगडाच्या ढेकळात रुतून बसलेलं कालवाचं कवच आहे. तुम्ही शिंपला म्हणता तेच, पण आमचं कवच ओबडधोबड, कडा फाटक्या, रूप यथातथाच. मोत्याचं मात्र विचारू नका. मोती करणारे आमचे लांबचे नातेवाईक. नाव त्यांनी कमावलं आणि चौकशा आम्हाला सोसाव्या लागतात.

आणखी एक खुलासा आधीच करते. आमच्यात लहान वयात बहुतेक सगळे नर असतात. अंगानं वाढलं, वयानं मुरलं की कालवाची मादी होते. मीही आधी बाप होतो, मग आई झाले. तुम्हाला नवल वाटेल, आम्हाला नाही वाटत. पण ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा जन्म इथल्याच खाडीतला, सव्वा लाख वर्षांपूर्वीचा. एवढ्या आकड्याचं दडपण घेऊ नका. त्यातली जेमतेम तेवीस वर्षं मी जगले, बाकीची पडून काढली. जन्मल्यावर दोनतीन आठवडे पाण्यात तरंगत हिंडले, मग एका मेलेल्या कालवाच्या पाठीवर बसले ती कायमची. आमच्या घराची रीतच तशी. मागच्यांच्या पाठीवर पुढच्यांनी बसायचं, त्यांच्या पाठीवर त्यांच्या पुढच्यांनी. असं करत करत पाण्याखाली कालवांचा मोठा कट्टाच तयार होतो. त्याच्या फटीफटीत मासे, खेकडे, गोगलगायी बिऱ्हाड करतात. माझ्या शेजारी एक चिमुकली शंखातली गोगलगाय राहायची. तिच्या शंखावर बारीक तांबडे पट्टे होते. तिचा सगळा गोतावळा याच एका खाडीत होता.

एका वादळात काठाचा कडा ढासळला आणि गाळाचा लोंढा आमच्यावर आला. म्हातारे, तरणे, कालच बसलेली बाळं, शेजारीण, सगळे जागच्या जागी गाडले गेलो. पळणार कुठं, आम्हाला पाय नाहीत. पुढे गाळाचा दगड झाला, समुद्र मागं सरला. अंधारात पडल्या पडल्या मी बराच काळ एकाच गोष्टीचा विचार करत असे, की वर आता काय चाललं असेल. मला चौकशा पहिल्यापासूनच फार.

ते कळायला रस्त्याचं काम निघावं लागलं. धक्क्याकडे जाणारा रस्ता काढताना कडा तोडला आणि आमची पिढी उजेडात आली. लगोलग थोरले साहेब हातोडी घेऊन हजर झाले. थोरले साहेब म्हणजे या वस्तुसंग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख. माणूस देवमाणूस, पण सौंदर्याचा भोक्ता. एकेक कवच उचलायचे, फुंकर मारायचे, उजेडात धरून फिरवायचे. मोठं, अखंड आणि देखणं असेल तर कापूस लावलेल्या पेटीत. लहान, टवका उडालेलं, वेडंवाकडं असेल तर खांद्यावरून मागं भिरकावलं. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनीसुद्धा एवढी छाननी केली नसेल.

आमचं ढेकूळ त्यांच्या हातोडीला दाद देईना. तीनदा ठोकलं, घाम पुसला आणि म्हणाले, "राहू दे. फुरसतीत फोडू." ढेकूळ मागच्या खोलीत आलं. खोलीचं दार वाऱ्यानं आपटत होतं. साहेबांनी पायानं मला दाराशी ढकललं आणि ती फुरसत पुढे कधी आलीच नाही. साहेब निवृत्त झाले, वारले, त्यांच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या खणाखणातून पिवळ्या पडल्या. दार मात्र मी तिथं असेपर्यंत कधी आपटलं नाही.

मग फूटपट्टी आली. हे तिचं खरं नाव नव्हे. सहायक म्हणून लागली तेव्हापासून तिच्या कानावर पेन्सिल आणि खिशात पट्टी असे. दिसेल ते मोजायची, एकदा तर डब्यातली पोळीही मोजली, म्हणून सगळे तिला फूटपट्टी म्हणू लागले. तिचे वडील खाडीत कालवं काढायचे. बारा नावा चालवणाऱ्यांच्या संघटनेचे ते प्रमुख होते. रुंद पंजाचा, कमी बोलणारा माणूस.

बापलेकीत तेव्हा एका अर्जावरून बिनसलं होतं. कालवं कमी मिळत होती, म्हणून नाववाल्यांनी यंत्रानं ओढायचं लोखंडी दातांचं जाळं मागितलं होतं. ते खाडीतल्या शेवटच्या जित्या कट्ट्यावर, मधल्या कट्ट्यावर, चालवायचं होतं. लेकीचं म्हणणं, कट्टा आधीच मरायला टेकलाय, जाळं फिरलं तर संपेल. वडिलांचं म्हणणं, कट्ट्याला काही झालेलं नाही, इथली कालवं लहानपणापासून एवढीच आहेत. मासेमारी खात्याचे साहेब महिनाभरात निकाल देणार होते. आणि साहेब सरळ म्हणाले होते, "पूर्वी कट्टा यापेक्षा चांगला होता असं दाखवा. मी अर्ज थांबवतो."

पूर्वीचं विचारायचं तर आम्हालाच विचारायला हवं. फूटपट्टीनं थोरल्या साहेबांचे खण उघडले. एकशे त्रेचाळीस कवचं मोजली. जवळजवळ सगळी तळहाताहून मोठी. तिचा चेहरा असा उजळला की मला दाराशी बसून बरं वाटलं. तिनं खात्याच्या साहेबांना आणि वडिलांना मागच्याच खोलीत बोलावलं, टेबलावर पांढरा कागद पसरला आणि थोरल्या साहेबांची ती देखणी फौज ओळीनं मांडली.

"बघा, पूर्वी एवढी असायची," ती म्हणाली. "आता तुमच्या नावेत येतात ती याच्या निम्मी."

वडिलांनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. एक कवच उचललं, ठेवलं. मग म्हणाले, "यात लहान एकही नाही."

"म्हणजे?"

"पोरंच नसलेलं गाव पाहिलंय का कुणी? बाजारात टोपलीत मोठा माल वर मांडतात, तसं तुमच्या थोरल्या साहेबांनी केलंय. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं. पण शिजलेलंच शीत निवडून घेतलं, तर भात कच्चा निघणार कसा?"

खात्याचे साहेब हसले. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे." फूटपट्टी एकेक कवच परत खणात ठेवू लागली. म्हातारा बरोबर होता. शिकल्यासवरल्या माणसांच्या नजरेतून सुटलं ते टोपल्या भरणाऱ्याला एका नजरेत दिसलं. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं आणि त्याच्याबद्दल आदरही वाटला. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सगळे गेल्यावर ती दाराला पाठ लावून खाली बसली. डोळे पुसले. उठायला म्हणून हात टेकला तो माझ्यावर. बोटांना माझी कड लागली, तिच्या शेजारी नखाएवढं बाळ लागलं, त्याच्या शेजारी तांबड्या पट्ट्यांचा शंख. तिचा हात थांबला. मग ती पोटावर आडवी होऊन मला बघू लागली. अडतीस वर्षांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं, त्यामुळे मी जरा अवघडले.

"हे कुणीच निवडलेलं नाही," ती पुटपुटली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. थोरल्या साहेबांनी ज्यांना नाकारलं असतं, किंवा ज्यांच्यापर्यंत त्यांची हातोडी पोचलीच नाही, ते सगळे माझ्यासोबत या ढेकळात होते. वादळानं निवड केली नव्हती. जे होतं, जिथं होतं, तसं झाकून टाकलं होतं.

दाराला त्या दिवसापासून सुतळी बांधली. मला पाण्यात भिजत घातलं. दात कोरायच्या सुया, दात घासायचे जुने ब्रश आणि फूटपट्टीचा धीर, एवढ्यावर अकरा दिवस काम चाललं. एकेक जण सुटा होत गेला तसतशी मला माझीच माणसं ओळखू येऊ लागली. एकूण दोनशे चौदा निघालो, त्यात कालवं सत्त्याण्णव. अगदी बाळं होती, मधली होती आणि तळहाताहून मोठ्या आम्ही एकोणतीस जणी होतो.

शेजारीण निघाली तेव्हा फूटपट्टीनं पुस्तकं धुंडाळली. तिची जात आता जगात कुठेच नाही, असं निघालं. पण त्याच दगडातल्या दुसऱ्या एका जातीच्या गोगलगायी आजही चारपाच खाड्यांत सुखानं नांदतायत. मला फार वेळ प्रश्न पडला, की ती का गेली आणि या का राहिल्या? पट्ट्यांमुळे? स्वभावामुळे? फूटपट्टीलाही तोच प्रश्न पडला असावा. तिनं गेलेल्यांची आणि राहिलेल्यांची शेजारी शेजारी यादी केली, आणि मग मला ते कोडं थोडं उलगडलं. गेलेल्यांतले बहुतेक एकाच जागी राहणारे होते. ज्याला एकच घर, त्याचं ते घर मोडलं की सगळंच मोडतं. यादीच्या तळाशी तिनं 'मधला कट्टा' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आता आजच्या कट्ट्याचीही तशीच, न निवडलेली मोजदाद हवी होती. पुढचं मी पाहिलेलं नाही, टेबलावर बोलणं झालं ते सांगते. ती वडिलांच्या नावेत बसली. वर आलेलं प्रत्येक कालव निवडण्याआधी मोजायचं, अशी अट घातली. वडील म्हणाले, "मोज. माझ्याकडे लपवायला काय आहे?" चारशे बारा मोजली. तळहाताहून मोठं एकही नव्हतं.

"बाबा, पोरं नसलेलं गाव नसतं म्हणालात," ती म्हणाली. "मग म्हातारं माणूस नसलेलं गाव असतं का?"

वडिलांनी टोपल्या आवरायला घेतल्या. पण दुसऱ्या दिवशी आपणहून मागच्या खोलीत आले आणि टेबलाजवळ उभे राहिले. त्या दिवशी माझी पाळी होती. आमच्या कवचाला मागं बिजागरी असते, तिथं दर वर्षाची एक रेघ उमटते. बिजागरी कापली, घासून चकचकीत केली, की वय वाचता येतं. करवत फिरली. दुखलं नाही. आपण आतून कशा दिसतो ते आयुष्यात पहिल्यांदा बघायला मिळणार, याचीच मला जास्त उत्सुकता होती.

वडिलांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बोटानं हवेत रेघा मोजल्या. "तेवीस."

"आणि आपल्या नावेत येतात त्यांचं वय तीन, फार तर चार," ती म्हणाली. "त्या वयात ती बहुतेक सगळी नर असतात, बाबा. मोठी झाली की मादी होतात. आपण मोठी उचलत आलो. म्हणजे आया उचलत आलो."

ते ताठ झाले. "आम्ही तीन बोटांखालचं कालव कधी नावेत ठेवलं नाही. लहान सोडायचं, मोठं घ्यायचं. माझ्या बापानं शिकवलं ते. आम्ही पोरं मारत नाही."

"मला माहीत आहे."

"सगळ्या खाडीत आम्हीच तेवढे नियमानं वागतो."

"माहीत आहे, बाबा. म्हणून तर सांगायला जड जातंय."

 सुतळी सैल झाली होती म्हणून दार एकदा आपटलं. मग ते म्हणाले, "सव्वा लाख वर्षांपूर्वीचा समुद्रच वेगळा असेल. पाणी वेगळं, ऊन वेगळं. त्यावरून आज काय ठरवणार?"

"असेल वेगळा," तिनं मान्य केलं. "ते मला माहीत नाही."

खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती. तिनं नेली नाही. वडील निघून गेले. निकालाला आठ दिवस राहिले होते, आणि इतका काळ पडून राहून माझा एवढासुद्धा उपयोग होणार नाही की काय, म्हणून मी पहिल्यांदा कासावीस झाले. तोवर मी फक्त कुतूहलानं बघत होते. आता मला ती जिंकायला हवी होती.

सहाव्या दिवशी वडील पुन्हा आले. बगलेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. आत एक कालवाचं कवच निघालं, माझ्याएवढं, किंबहुना काकणभर मोठंच. आतून गुळगुळीत झालेलं आणि कडेला साबणाचा पांढरा थर.

"ही मोरीतली साबणदाणी," फूटपट्टी म्हणाली. "आपल्या घरची."

"माझ्या आईची. मधल्या कट्ट्यावरून तिनं स्वतः काढलेली. मी नावेत होतो, सहासात वर्षांचा असेन."

"आणि तुम्ही म्हणायचात लहानपणापासून एवढीच..."

"तेव्हा सगळ्यांच्या मोऱ्यांत असायच्या असल्या. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. रोज हात धुतो गं मी तिच्यावरचा साबण घेऊन. रोज." त्यांनी साबणाचा थर नखानं खरवडला. "हिचीही वर्षं मोजता येतात का?"

"कापावी लागेल, बाबा."

त्यांनी साबणदाणी तिच्या पुढ्यात सरकवली. मग म्हणाले, "काप."

तिच्या एकोणीस रेघा निघाल्या. दोघींच्या बिजागऱ्या एकाच काचेखाली शेजारी शेजारी होत्या. सव्वा लाख वर्षांचं अंतर, पण रेघांची वीण तीच, अंगलट तीच. समुद्र वेगळा होता म्हणायला आता जागा उरली नव्हती. कट्टा सव्वा लाख वर्षांत खंगला नव्हता. तो एका माणसाच्या बालपणापासून त्याच्या म्हातारपणापर्यंतच्या काळात तसा झाला होता. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा एकदा मोजलं.

अर्ज त्यांनी स्वतः मागं घेतला. बाकीचे अकरा नाववाले आधी चिडले, पण साबणदाणी हातोहात फिरली आणि जो तो आपापल्या घरची आठवू लागला. लोखंडी जाळं आलं नाही. मधल्या कट्ट्याला पाच वर्षं हात लावायचा नाही असं ठरलं. बाकीच्या खाडीत तीन बोटांखालचं सोडायचं हा नियम राहिला, पण त्याला जोड मिळाली, की तळहाताहून मोठं कालवही परत पाण्यात. आता तळहात कुणाचा, यावर मात्र अर्धा दिवस वाद झाला. वडील म्हणाले माझा. त्यांचा पंजा बघून सगळे ओरडले, की तुमच्या पंजाहून मोठं कालव सापडलं तर ते आम्हालाच नावेतून बाहेर काढेल. शेवटी लेकीला बोलावलं. बाराही नावांच्या फळीवर तिचा हात ठेवून भोवती डांबरानं रेघ ओढली. मोजणारीवर स्वतःच माप व्हायची वेळ आली, असं थट्टेनं सगळे म्हणतात.

माझं म्हणाल तर बिजागरी संग्रहालयात काचेवर आहे. 'दाराजवळचा दगड, कालव क्रमांक एक' अशी तिच्यावर चिठ्ठी आहे. अक्षर थोरल्या साहेबांसारखं वळणदार नाही, पण वाचता येतं. उरलेली मी टेबलावर पडून होते. कट्ट्यावर नवी बाळं बसावीत म्हणून नाववाले रिकाम्या कवचांची पोती पाण्यात सोडणार होते, तेव्हा वडिलांनी मला उचलून विचारलं, "हिला नेऊ?" फूटपट्टीनं नोंदवही उघडली. माझी नोंदच नव्हती. "जी कधी आलीच नाही," ती म्हणाली, "ती कमी कशी होणार?" त्यांनी मला साबणदाणीसोबत त्याच टॉवेलात गुंडाळलं.

तेव्हा आता मी पाण्यातून बोलतेय. साबणदाणी शेजारी आहे. फारशी बोलत नाही, पण तिला अजून साबणाचा वास येतो. परवा माझ्या पाठीवर तीन बाळं येऊन बसली. एक तर करवतीनं कापलेल्या कडेवरच बसलंय. तांबड्या पट्ट्यांची शेजारीण मात्र यायची नाही. वाट बघायची सवय जात नाही म्हणून मी अजून फटीकडे बघते.

माझी बाळं वाढून तीन बोटांची होतील. पाच वर्षं सरली की तुमच्या हाती लागतील, तेव्हा न्या, त्याला माझी ना नाही. पण एखादी त्यातूनही निसटून फळीवरच्या त्या हाताएवढी झालेली सापडली, तर तिला पाण्यात परत ठेवा. तिचं आईपण आत्ताच कुठं सुरू झालेलं असेल.